अकरा वेळा उघडलेली फाइल

प्रिय ठमे,

हे नाव शेवटचं लिहिलं त्याला साडेसहा वर्षं झाली. मघाशी लिहिताना हात अडखळला, पण खोडलं नाही. तू आता सत्तेचाळीस वर्षांची, काउंटरवर लोक तुला मॅडम म्हणत असतील, आणि म्हणे चांगली बारीकही झाली आहेस, असं आत्या सांगत होती. तरी मला दुसरं काही सुचत नाही. रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागव.

आधी कामाचं. मुख्य कार्यालयाचं एक पाकीट तुला सोमवारी-मंगळवारी मिळेल, कदाचित या पत्राआधीच मिळालं असेल. आत एका पानाची नोटीस आहे. तुम्ही एका रुग्णाची फाइल काम नसताना वारंवार उघडलीत, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, असं काहीतरी. ती नोटीस माझ्यामुळे आली आहे. तुझा कर्मचारी क्रमांक त्या यादीत मीच लिहून दिला. आता तू म्हणणार, "झालं, हेडबाईंनी पुन्हा नियम काढला," आणि पत्र फाडायला घेणार. जरा थांब. तुझी नोकरी यात अडकली आहे म्हणून सगळं नीट सांगते, आणि मला नीट सांगायचं म्हणजे सुरुवातीपासून सांगावं लागतं, ही खोड तुला माहीतच आहे.

मी नक्की काय काम करते हे आपल्या घरात कधी कोणाला कळलं नाही. आई शेजारणीला सांगायची, "थोरली कॉम्प्युटर सांभाळते," जसं काही मी त्याला न्हाऊमाखू घालते. तर ऐक. आपल्या सगळ्या लॅबचे रिपोर्ट रोज एका ठिकाणी जमा होतात. त्याला डेटा वेअरहाउस म्हणतात, माहितीचं कोठार म्हण. ते क्लाउडवर आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर, कुठेतरी लांब. इतकी वर्षं मी त्याची राखण करते आणि ते मी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. तू काउंटरवर बसून चौकटीत रुग्णाचा नंबर टाकतेस तेव्हा तुझा प्रश्न तिथे जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. माझं टेबल खिडकीशी आहे, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. कोणाची गाडी किती वाजता निघते हे मला पाठ झालं आहे, कारण शेवटची निघणारी बहुतेक मीच असते आणि मला गाडी नाही.

मागच्या महिन्यात बाहेरून एक तपासनीस बाई आल्या. शांत बाई, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे साहेबांना त्यांची जास्तच भीती वाटते. त्यांनी मला विचारलं, "आत कोण येतं ते तुम्हाला कळतं. आत येऊन तो काय उघडतो, ते कळतं का?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग ते आधी सुरू करा." याला ऑडिट लॉग म्हणतात. कोणी काय पाहिलं, याची नोंदवही. तीन प्रकारच्या नोंदी असतात. कोण आलं-गेलं ती एक, कोणाला कसली परवानगी दिली किंवा काढली ती दुसरी, आणि कोणी काय विचारलं ते शब्दन् शब्द, ती तिसरी. गंमत अशी की या तिसरीचं बटण वेगळं असतं. ते दाबायचं राहिलं तर नोंदी येत राहतात, वही भरल्यासारखी दिसते, आणि खरं हवं ते त्यात नसतं. शिवाय ते दाबल्यावर सगळी यंत्रणा एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, तोवर ते लागूच होत नाही. म्हणजे पाटी लावली तरी दुकान उघडत नाही.

बुधवारी दुपारी मी ते बटण दाबायला गेले तर ते आधीच दाबलेलं होतं. मग हळूहळू आठवलं. आठ महिन्यांपूर्वी हेच बटण मी चाचणीच्या कोठारात दाबून पाहिलं होतं. आमच्याकडे चाचणीसाठी खोटं कोठार वेगळं असतं, काही बिघडलं तर तिथे बिघडावं म्हणून. दोन-तीन दिवस वाट पाहिली, काहीच उमटलं नाही, दुसरं काम आलं, मी विसरले. आता कळलं की त्या दिवशी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, दोन्ही दिसायला सारख्या, आणि मी बटण खऱ्या कोठारात दाबलं होतं. पुढच्या रविवारी ते देखभालीसाठी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि तेव्हापासून निमूटपणे लिहीत बसलं. जन्मभर नाकासमोर चालणाऱ्या तुझ्या बहिणीने चुकीच्या खिडकीत बोट घातलं. हस, हस. मीही हसले असते.

मी बाईंना जाऊन खरं सांगितलं. मला वाटलं झापतील, पण त्या खूश झाल्या. आठ महिन्यांचं आयतं मिळालं. म्हणाल्या, ज्या कर्मचाऱ्याने आपल्या शाखेत तपासणी नसलेल्या रुग्णाची एकच फाइल दहापेक्षा जास्त वेळा उघडली, अशांची यादी काढा. त्या त्या रुग्णाला फोन करा, त्याला हे माहीत होतं का विचारा, त्याचं म्हणणं शेवटच्या रकान्यात लिहा. मी यादी काढली. चौदा ओळी निघाल्या. बऱ्याचशा निरुपद्रवी. कोणी भावी जावयाची रक्ततपासणी चाळली होती, कोणी घरमालकाची. नवव्या ओळीतला रुग्ण क्रमांक मला पाठ होता. तो माझ्या पाकिटातल्या कार्डावर आहे. मी तरी कार्ड काढून ताडून पाहिला. नियमाप्रमाणे मला त्या रुग्णाला फोन करायचा होता. माझ्याच फोनवरून माझाच नंबर लावला असता तर एंगेज लागला असता.

शेजारी शाखेचं नाव होतं. त्या शाखेत माझं एकच माणूस आहे, त्यामुळे कर्मचारी क्रमांकावरून नाव काढायची गरज पडली नाही. खरं सांगते, आधी राग आला. सहा वर्षं फोन नाही, पत्र नाही, आणि ही तिकडे बसून माझी साखर आणि माझं कोलेस्टेरॉल मोजते आहे! खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. आपल्याच माणसाची ओळ आली तर यादी दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. मी थांबले नाही. तुझ्या क्रमांकाच्या सगळ्या नोंदी उघडल्या आणि पहिल्यापासून वाचत गेले. तुला ऐकून बरं वाटेल, त्या दिवशी मी नियम मोडला.

दर सोमवारी सव्वानऊ वाजता तू माझी फाइल उघडत होतीस. शटर वर करायचं, मशीन सुरू करायचं आणि पहिलं काम हे. बहुतेक सोमवारी तिच्यात नवीन काहीच नसायचं. माझ्या आयुष्यातच नवीन काही नसतं तर फाइलीत कुठून येणार? अर्ध्या मिनिटात तू ती बंद करत होतीस. मी विचार करत बसले की या सोमवारांना सव्वानऊला मी काय करत होते. जिना चढत असेन. किंवा चहाचं यंत्र चालू होतं का पाहत असेन. कुठल्याही सोमवारी मला एकदाही काही जाणवलं नाही.

मग तो मंगळवार आला. तुला माहीत आहे कुठला. काखेजवळ गाठ लागली होती. मी महिनाभर ती नाही असं धरून चालले, शेवटी तिचा तुकडा तपासायला दिला. मंगळवारी पावणेबाराला रिपोर्ट तयार झाला, बाराला तो माझ्या हातात होता. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट देताना माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाच मी समजले. बाहेर येऊन बसथांब्यावरच्या बाकावर बसले. चार वाजेपर्यंत तिथेच होते. बस येत होत्या, जात होत्या. एका चालकाने दार उघडून विचारलं, "बाई, यायचं का?" मी मान हलवली. आत्या थकली आहे. ऑफिसात दाताचं काम आहे असं सांगून निघाले होते. फोन हातात घेऊन सगळे नंबर वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पुन्हा पिशवीत टाकला. घरी जाताना पाव घेतला आणि गळक्या नळासाठी वॉशर घेतला. नळ दुरुस्त केला. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. दोन खुर्च्या आहेत, दुसरीवर इस्त्रीचे कपडे असतात. मला त्या दिवशी रडूही आलं नाही, ठमे. एवढंच वाटत होतं की जगात या क्षणी ही गोष्ट मला एकटीला माहीत आहे, आणि सांगावं असं कोणी नाही.

आणि त्या नोंदीत लिहिलं होतं की अकरा बावन्नला तू ती फाइल उघडलीस. माझ्या हातात यायच्याही आधी. मग अकरा सत्तावन्नला. बारा चारला. बारा वीसला. एकाला. दीडला. मी बाकावर बसले होते तो सगळा वेळ तू तीच तीन ओळींची इंग्रजी पुन्हा पुन्हा वाचत होतीस. शेवटची नोंद पाच वीसची, शाखा बंद व्हायच्या आधीची. मी मोजल्या. अकरा. मग पुन्हा मोजल्या, कारण मला वाटलं मशीनने एकच ओळ चुकून परत परत लिहिली असेल. वेळा वेगवेगळ्या होत्या.

बारा चार आणि बारा वीस यांच्यामध्ये अंतर आहे. त्या दिवशी बारा सहाला माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर दोनदा वाजून बंद झाला होता. चुकून लागला असेल म्हणून मी परत केला नाही. बुधवारी तो फोनमध्ये शोधून काढला. तुझ्या शाखेच्या काउंटरचा नंबर आहे. तू काय पाहिलंस ते सगळं आमच्या वहीत येतं, फोन उचलून खाली ठेवलास ते कुठल्याच वहीत नाही. ते मी माझ्या मनाने जुळवलं. चुकत असेन तर सांग.

तुझ्या नोंदींत आणखी एक ओळ होती. नोंदी सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यातली. तू आईची फाइल उघडली होतीस, एकदाच. तारीख पाहिली तर आई गेली तीच तारीख, सहा वर्षांनंतरची.

आता आई जायच्या आधीच्या त्या शुक्रवारचं बोलायलाच हवं. चार वाजता तुझा फोन आला होता. "ताई, तुला दिसतं ना तिथे? एकदा बघ आणि सांग, मी आत्ता निघू का?" मी म्हटलं, मला रुग्णाचा रिपोर्ट बघायची परवानगी नाही, सोमवारी डॉक्टर बघतील, मग ठरव. तू "बरं" म्हणालीस. सहा तासांचा रस्ता, तू शुक्रवारी निघाली असतीस तर रात्री जेवायला आईजवळ असतीस. आई रविवारी सकाळी गेली आणि तू दुपारी आलीस, हातात ती निळी पिशवी, तिच्यात आईसाठी नवे मोजे. चार दिवसांनी निघताना दारात म्हणालीस, "तुझ्या हातात होतं, ताई. एक नंबर तर टाकायचा होता." मग तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. दोघी एकाच आईच्या, हट्टाला काय कमी?

नियम होता हे खरं. लोकांना मी तेच सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण नियम नसता तरी मी तो रिपोर्ट पाहिला नसता. तुझा फोन ठेवल्यावर आईचा नंबर टाकून झाला होता माझा. पुढचं बटण दाबायचं बाकी होतं. मला भीती वाटली. आई वाचणार नाही हे मला कळून चुकलं होतं, आणि ते लिहिलेलं दिसलं असतं तर मला सोमवारपर्यंत ते एकटीला घेऊन घरात तिच्यासमोर वावरावं लागलं असतं. म्हणून मी नियमाच्या मागे लपले. तुला तिची भेट मिळाली नाही ती माझ्या भित्रेपणामुळे. तो रिपोर्ट शुक्रवारी किती वाजता तयार झाला होता हे मला आजही माहीत नाही. तुला माहीत आहे. मी बुधवारीही पाहिलं नाही.

तू आपल्याच लॅबमध्ये काउंटरवर लागलीस हे आत्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ही मला चिडवायला तिथे लागली. आता वाटतं, पुन्हा कोणी तुला "सोमवारपर्यंत थांब" म्हणू नये म्हणून लागलीस का?

तर यादी. शुक्रवारी संध्याकाळी त्या नोंदींना कुलूप लागणार होतं. लिहिता येईल, वाचता येईल, पण सात वर्षं कोणालाच पुसता येणार नाही, मलाही नाही. हे कुलूप मीच सुचवलेलं. म्हणजे गुरुवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. तुझ्या ओळी निवडायच्या आणि काढून टाकायच्या, कोणाला पत्ताही लागला नसता. मी निवडल्यासुद्धा. त्या निळ्या झाल्या. मग हात थांबला. शपथेवर सांगते, या वेळी नियमामुळे नाही. त्या अकरा ओळी पुसल्या असत्या तर त्या मंगळवारी माझ्यासोबत कोणी होतं याचा जगातला एकमेव पुरावा गेला असता. तो मला हवा होता. माझा स्वार्थ म्हण, हवं तर.

शुक्रवारी सकाळी मी बाईंकडे गेले. नववी ओळ माझी आहे, उघडणारी माझी धाकटी बहीण आहे, आणि बाकीची तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या, असं सांगितलं. परवाच मी हक्क नसताना तिच्या नोंदी वाचल्या, हेही सांगितलं. त्याबद्दल मलाही एक पाकीट मिळालं आहे, आपण दोघी एकाच रांगेत. रुग्णाचं म्हणणं या रकान्यात मी लिहिलं, "मला माहीत नव्हतं. माझी तक्रार नाही. माहीत असतं तर बरं झालं असतं." बाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, हमी देत नाही, पण रुग्णाची तक्रार नसेल आणि कर्मचाऱ्याने खरं सांगितलं, तर बहुतेक वेळा लेखी ताकीद देऊन सोडतात. तेव्हा खुलाशात खरं लिही. चुकून उघडली, शिकत होते, असलं काही लिहू नकोस. बहिणीची फाइल होती, काळजी वाटत होती, एवढं पुरे. नोटीस निघाल्यावर तुला कळवू का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "निघाली आता. बहिणीला पत्र लिहायला माझी कशाला परवानगी?"

आणि ठमे, आजपासून माझी फाइल उघडू नकोस. आणखी एकदा झालं तर मलाही वाचवता येणार नाही. त्यातून तुला हवं ते तिथे सापडणारही नाही, आणि खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच आहे. माझं ऑपरेशन येत्या एकोणीस तारखेला आहे, गुरुवारी, सकाळी साडेसातला. ते दुसऱ्या इस्पितळात आहे, आपल्या लॅबच्या कुठल्याही चौकटीत नंबर टाकून ती तारीख दिसत नाही. मी सांगितल्याशिवाय तुला कळणार नाही, म्हणून सांगते आहे, आणि या वेळी सोमवारची वाट न पाहता सांगते आहे. त्यांनी एक फॉर्म दिलाय. सोबत येणारी व्यक्ती, नाव आणि नातं. सोबत कोणी नसेल तर ते घेतच नाहीत. चार दिवस तो दुसऱ्या खुर्चीवर कोरा पडून होता. खालच्या मजल्यावरच्या बाई येतील, त्यांना विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. पण मला तू हवी आहेस. नात्याच्या जागी मी "बहीण" लिहून ठेवलंय. नाव तू येऊन तुझ्या हाताने लिही. खुर्चीवरचे कपडे मी आवरून ठेवले आहेत.

तुझीच,
हेडबाई